वाचलेल्या पुस्तकांची गावं नकाशावर टोचायला घेतलीत. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्यांनी हात लावा

शहापूरकरीण

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून एक उद्योग चालू आहे. पुस्तक वाचून झालं की कपाटात ठेवायच्या आधी ते जिथं घडतं ती जागा गुगल माय मॅप्सवर शोधायची, पिन टोचायची आणि खाली दोन ओळी लिहायच्या. घरातले म्हणतात, हिला काम नाही. असूदे.

गंमत अशी की पुण्या-मुंबईत आता पिन ठेवायला जागा नाही. कोकण किनारा तसाच गच्च. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'साठी वरसईपासून झाशीपर्यंत रेघ ओढून झाली. भैरप्पांच्या 'वंशवृक्षा'साठी नंजनगूडला कपिलेच्या काठावर पिन बसली. ते वाचलं उमा कुलकर्णींच्या मराठीतून, आणि त्या तर आपल्या बेळगावच्याच. म्हणजे झाशी झाली, नंजनगूड झालं, आणि बेळगावात शहापूरपासून कॅम्पापर्यंत सगळं कोरं.

म्हणून नेट लावून बसले. आत्तापर्यंत आपल्या भागात एवढं सापडलंय: पु.लं.च्या 'गणगोत'मधले रावसाहेब, बेळगाव. रणजित देसाईंची 'बारी', सुतगट्टी. भीमराव गस्तींचं 'बेरड', यमनापूर. राजन गवसांचं 'चौंडकं' (देवीला सोडलेल्या पोरीची कादंबरी), सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. महादेव मोरे, निपाणी (त्यांची एकच पिन पुरणार नाही हे मला कळतंय).

थर तीन केलेत. पुस्तकात नाव घेऊन सांगितलेली जागा हिरवी, नाव नाही पण ओळखू येते ती पिवळी, आणि लेखकाने मनातून उभी केलेली जांभळी.

आता अडलंय ते सांगते. प्रकाश नारायण संतांचा लंपन, त्यांच्या कथांतला तो शाळकरी पोरगा, कुठं राहतो? 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', चारही पुस्तकं पुन्हा काढून बसलेय. पिन पिवळी की जांभळी, आणि टोचायची कुठं?

खडेबाजार

लंपन आमच्या गल्लीतला. विषय संपला. पिन घाला आणि चहाला या.

तिसरं_गेट

खडेबाजारराव, तुमच्या गल्लीत गाणं शिकणारं एक पोर दाखवा, मग बोलू.

शहापूरकरीण ताई, उद्योग झकास आहे. माझं म्हणणं, लंपन पिवळ्यात घाला. गावाचं नाव ठळकपणे येत नसलं तरी खुणा ढिगानं पडल्यात. मित्रांची नावंच बघा की. कणबर्गी गंग्या, जंब्या कटकोळ. आपल्याकडे आडनाव म्हणजे बहुतेक गावाचा पत्ता. कणबर्गी तर आता शहरातच आली, कटकोळ तिकडे रामदुर्ग तालुक्यात. ही आडनावं सांगली-साताऱ्याच्या वर्गात एका बाकावर बसलेली सापडणार नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं जिथं येऊन राहिली असं मोठं गाव पाहिजे. शाळा, मैदान, स्टेशन, गाण्याचा क्लास, कानडी-मराठी एका दमात बोलणारे शेजारी, हे सगळं जुळवा आणि सांगा दुसरं कुठलं गाव बसतंय ते.

रावसाहेबांची पिन मात्र नेमक्या इमारतीवर ठेवू नका. पु.ल. काही काळ इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, म्हणून बरेच जण कॉलेजवर पिन ठेवायला धावतील. कॉलेजचा त्या लेखाशी काय संबंध? रावसाहेब आख्ख्या बेळगावचे. शहराच्या नावावर पिन ठेवा आणि सोडून द्या.

रानफूल_खानापूर

तिसरं गेट काका, खुणा जुळतात हे मान्य. पण मला वेगळंच वाटतं. लेखक होते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, कराडच्या कॉलेजात. नकाशा, उंची, खडक हे त्यांचं रोजचं काम. अशा माणसाला गावाचं नाव घालायचं असतं तर पहिल्या पानावर घातलं असतं. घातलं नाही, म्हणजे ठरवून घातलेलं नाही.

आणि दहा वर्षांच्या पोराला गाव कसं दिसतं? घर, शाळा, मैत्रिणीचं, सुमीचं घर, मैदान, आणि त्यापुढं सगळं लांब. त्याच्या गावाला तालुका नसतो, पिनकोड नसतो. आपण बेळगावावर पिन ठेवली की वाचणारा लगेच शोधायला लागतो, ते मैदान म्हणजे कुठलं, ती शाळा म्हणजे कुठली. चर्चा पुस्तकातून उठून गल्लीत जाते. माझं मत जांभळा.

खडेबाजार

गल्लीत गेली की आम्ही बघून घेतो म्हणतोय ना.

नकाशेवाला

मधे तोंड घालतो, कारण तुमच्या भांडणाचं उत्तर अर्धं तांत्रिक आहे.

गुगल माय मॅप्समध्ये पिन ठेवली की आत अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच-सहा स्थळांपर्यंत साठतात. पाच स्थळं म्हणजे साधारण एक मीटरची अचूकता. कादंबरीकाराने तुम्हाला एक मीटरची माहिती दिली आहे का? नाही. दोन स्थळांवर थांबलात तर साधारण एक किलोमीटर, एका स्थळावर थांबलात तर साधारण अकरा. तेव्हा पिन टोचण्याऐवजी वर्तुळ किंवा बहुभुज काढा. माय मॅप्समध्ये रेघ ओढायच्या साधनाने बंद आकार काढता येतो. लंपनसाठी शहर आणि भोवतालचा पट्टा झाकणारा आकार काढा, रंग पुसट ठेवा. तिसरं गेटही खूश, रानफूलही खूश.

बाकी मर्यादा: एका नकाशात दहा थर, एका थरात दोन हजार खुणा. आपल्याला पुरून उरतात. मात्र सगळं गुगलच्या भरवशावर सोडू नका. महिन्यातून एकदा केएमएल फाइल उतरवून ठेवा. तीच फाइल पुढे ओपन स्ट्रीट मॅपवर चालणाऱ्या यूमॅपमध्ये चढवता येते.

अजून एक. नुसत्या शोध चौकटीवर विसंबू नका. 'सुतगट्टी' टाकून बघा, हुबळीला नवनगरजवळ पण सुतगट्टी आहे. 'बारी'तली सुतगट्टी बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावरची. पिन हुबळीला पडली की कादंबरीच कर्नाटकात ऐंशी-नव्वद किलोमीटर आत सरकली म्हणून समजा.

शहापूरकरीण

नकाशेवाला सर, माझी पिन योग्य जागी आहे, आत्ताच बघितली. कारण मी शोध चौकटीने गेलेच नव्हते. काकतीपासून हायवे धरून बोटाने वर सरकत गेले. उपग्रहाचं चित्र लावलं की घाटाचा भाग लगेच कळतो. दोन्ही बाजूंनी हिरवा डोंगर आत येतो आणि मधून रस्त्याचा पांढरा पट्टा जातो. कादंबरी वाचताना डोक्यात जे रान होतं त्यातलं चित्रात किती उरलंय ते मात्र बघायला नको. सहा पदरी रस्ता, टेम्पोंची रांग.

आकार काढायची कल्पना आवडली. लंपनसाठी करते.

काकती_क्रॉस

मी इथं सहसा लिहीत नाही, वाचतो. पण 'बारी' आणि 'बेरड' दोन्ही एकाच थरात हिरव्या रंगात शेजारी शेजारी बघून लिहावंसं वाटलं.

'बारी' ही बेरड समाजावरची कादंबरी आहे. बाहेरून बघणाऱ्याने लिहिलेली, जीव लावून लिहिलेली, पण बाहेरून. 'बेरड' हे आत्मकथन आहे. गस्तींनी यमनापूर हे स्वतःच्या गावाचं नाव स्वतः छापलं. कुठं चोरी झाली की पोलीस आधी आमच्या वस्तीत यायचे, हे त्यात आहे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तो १९५२ साली गेला, पण नोंदवहीतनं नाव गेलं म्हणून माणसाच्या नजरेतनं जात नाही. गस्ती शिकले, संघटना उभी केली, देवदासींच्या पोरींसाठी काम केलं, आणि हे सगळं त्याच यमनापुरातून. आता तिथं शेजारी ॲल्युमिनियमचा कारखाना आहे, लोक गावाला कारखान्यावरून ओळखतात.

माझी विनंती दोन गोष्टींची. एक, 'बेरड'ची पिन गावाच्या नावावर ठेवा. झूम करून वस्तीवर, घरांवर नेऊ नका. तिथं आजही माणसं राहतात, त्यांची नातवंडं कॉलेजात जातात. दुसरं, दोन्ही पुस्तकांचा रंग वेगळा करा. एकात जागा गोष्टीसाठी घेतलीय, दुसऱ्यात माणूस तिथं जगलाय.

शहापूरकरीण

पटलं. चौथा थर केला, 'आत्मकथन'. रंग निळा. यमनापूरची पिन गावाच्या नावावर आहे आणि तिथंच राहील. तुम्ही लिहीत जा हो.

चंदगडी_भात

मंडळी, कोवाड विसरलात! रणजित देसाई आमच्या कोवाडचे. ताम्रपर्णी नदी, पलीकडं भातशेती. आणि हे बेळगावच्या धाग्यात लिहायचा मला पूर्ण हक्क आहे, कारण १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. देसाई जन्मले १९२८ साली, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच जन्मले म्हणायचं. आमच्याकडचे लोक अजूनही दवाखाना, लग्नाची खरेदी, सोनं-नाणं सगळ्याला बेळगावलाच जातात. कोल्हापूर लांब पडतं.

तेव्हा 'स्वामी'ची पिन कोवाडला टाका.

तिसरं_गेट

अहो भात, 'स्वामी' कोवाडला घडते होय? शनिवारवाडा, थेऊर, हैदरवरच्या स्वाऱ्या. माधवराव गेले थेऊरला, १७७२ साली. कोवाडला लेखक बसून लिहीत असेल, माधवराव तिथं कशाला येतील?

चंदगडी_भात

लिहिली इथंच ना. मग आमचं काहीच नाही होय?

घटप्रभा_पॅसेंजर

चंदगडी अण्णा, नाराज होऊ नका. तुमची ताम्रपर्णी शेवटी आमच्या घटप्रभेलाच येऊन मिळते, तेव्हा तुमचं ते आमचं.

पण नियम एकदाच ठरवून टाकावा असं मलाही वाटतं. हा नकाशा पुस्तक घडतं त्या जागांचा की लेखकाच्या घरांचा? दोन्ही एकत्र केलं की निम्म्या मराठी साहित्याच्या पिना पुण्यातल्या सदाशिव पेठेत जाऊन पडतील. घरांचा नकाशा करायचा तर वेगळा करा. त्यात कोवाड पहिलं.

मी गोकाककडचा, कानडी शाळेत शिकलो, मराठी घरात वाढलो, दोन्ही वाचतो. म्हणून एक कानडी अडचण टाकतो. चंद्रशेखर कंबार. जन्म १९३७, घोडगेरी, हुक्केरी तालुका. २०१० सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांच्या बऱ्याच लेखनात शिवापूर नावाचं गाव येतं. नकाशावर शिवापूर शोधलंत तर कर्नाटकात डझनभर शिवापुरं सापडतील, त्यातलं एकही त्यांचं नाही. आमच्याकडचे जाणते सांगतात, त्यात घोडगेरीची माती आहे. माती असेल. पण त्या शिवापुरात जे देव बोलतात आणि ज्या बायका राजांना सरळ करतात, त्या घोडगेरीच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या मी तरी बघितल्या नाहीत. हे शंभर टक्के जांभळं. लंपनचं गाव आणि शिवापूर एका रंगात येऊ शकत नाहीत. लंपनच्या गावात तुम्ही रस्ता विचारत जाऊ शकता, शिवापुरात गोष्ट ऐकतच जावं लागतं.

अजून एक सावधगिरी. चित्रीकरणाच्या जागेला घटनास्थळ समजू नका. आर. के. नारायण यांचं मालगुडी काल्पनिक आहे, मालिका अगुंबेला चित्रित झाली, आणि आता लोक अगुंबेला जाऊन मालगुडीचं घर म्हणून फोटो काढतात. लंपनवरही मालिका आली आहे. त्यातलं घर कुठलं, वाडा कुठला, ही माहिती इथं कुणी घेऊन आलं तर गोड बोलून परत पाठवा.

रानफूल_खानापूर

पॅसेंजर काकांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली आणि मला हरवूनही टाकलं. बरं, लंपन पिवळा. पण आकार पुसट ठेवा.

खडेबाजार

आमची गल्ली त्या आकारात येत्या का तेवढं बघून सांगा.

निपाणी_डेपो

निपाणीला एक पिन? एक?

महादेव मोरे वाचायचे तर पिनांची माळ लागते, आणि ती माळ हायवेवर पडते. त्यांची माणसं कोण? ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधले फिटर, वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया, अड्ड्यावर उभे राहणारे एजंट. ह्या माणसांना घरापेक्षा रस्ता जास्त. 'एकोणिसावी जात' घ्या, 'झोंबडं' घ्या. कथा एका जागी बसत नाही, गाडीबरोबर पळते. मोरे स्वतः टॅक्सीवर होते, नंतर पिठाची गिरणी चालवली. गिरणीत बसून लिहिणारा माणूस. २०२४ साली गेले. आमच्या गावात कितीतरी लोक त्यांना गिरणीवाले म्हणून ओळखायचे, पुस्तकं कुणी बघितली होती?

वखार बाहेरच्यांना कळावी म्हणून सांगतो. हंगामात दारावरून नुसतं चालत गेलं तरी घशात खवखव होते. आत अर्धवट उजेड. बाया ओळीनं बसलेल्या, तोंडाला पदर गुंडाळलेला, चाळणी हलली की पिवळा धुरळा उठून कौलांपर्यंत जातो आणि खाली यायला वेळ लावतो. सुट्टी झाल्यावर बाया बाहेर येतात त्या पदर झटकत. पापण्यांवरसुद्धा धूळ. एसटीत शेजारी बसल्या की कंडक्टर शिंकतो. अनिल अवचटांनी या बायांवर लिहिलंय, ते वाचून पुण्याच्या लोकांना धक्का बसला. आम्हाला धक्का बसला तो त्यांना धक्का बसल्याचा.

म्हणून माझी मागणी, जागेबरोबर काळ पण लिहा. निपाणी कुठली? १९८१ सालच्या आधीची की नंतरची? त्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी हायवेवर येऊन बसले, आंदोलननगर म्हणून वस्तीच उभी केली रस्त्यावर, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्याआधीच्या निपाणीत व्यापाऱ्यापुढं शेतकरी मान वर करत नव्हता. मोऱ्यांच्या जुन्या कथा त्या निपाणीत घडतात. आज हायवेवरून जाणाऱ्याला गावात उतरायचं कारणसुद्धा उरलं नाही, त्याला ते अड्डे कुठून दिसणार?

शहापूरकरीण

निपाणी डेपो, तुम्ही माळ टाका. तुम्हाला नकाशात बदल करायची परवानगी दिली आहे. प्रत्येक पिनच्या वर्णनात पहिली ओळ काळाची, हा नियम सगळ्यांनाच लावू या. 'सुमारे १९६०' एवढं असलं तरी चालेल.

लेखकांच्या घरांचा वेगळा नकाशा कुणाला करायचा असेल तर जरूर करा, इथं नको. कोवाडला माझा नमस्कार.

चंदगडी_भात

नमस्कार पोचला. देसाईंचीच 'माझा गाव' तरी घ्याल का नाही? त्यात गावच मुख्य पात्र आहे.

शहापूरकरीण

घेतली. पिवळी. काळाची ओळ तुम्ही लिहा, आणि त्यात जिल्हा 'बेळगाव' असा लिहिलात तरी मी खोडणार नाही.

संपादक

जिल्हा कुणाचा, गाव कुणाचं, निकाल कधी, या विषयाला इथं बरेच धागे वाहिलेले आहेत. याच विषयावर आलेले काही प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथं पुस्तकं.

गडहिंग्लजची_लेक

'चौंडकं'ची पिन सौंदत्तीच्या देवळावर दिसतेय, त्याबद्दल.

मी सौंदत्तीला लहानपणापासून गेलेय. आमच्याकडून मार्गशीर्षी पौर्णिमेला गाड्या भरून जातात. जोगुळभावीत अंघोळ, लिंबाचा पाला, भंडारा, 'उदं गं आई उदं' करत डोंगर चढायचा. पुस्तक वाचायच्या आधी माझ्यासाठी ती सहल होती, डबे बांधून जायची. वाचल्यावर पहिल्यांदा मी आजूबाजूच्या बायकांच्या गळ्याकडं बघायला लागले, कुणाच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला सोडल्याची माळ, आहे.

पण खरं सांगायचं तर पोरीचं आयुष्य डोंगरावर मोडत नाही. ते मोडतं तिच्या स्वतःच्या गावात. डोक्यात जट दिसली म्हणणारी शेजारीण, घरात बसून ठरवणारी माणसं, नंतर दारात जोगवा घालणाऱ्या आणि मागून बोलणाऱ्या बायका. देवळावर पिन ठेवली की सगळा दोष देवीच्या नावावर जातो आणि गाव सुटतं. कर्नाटकात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा १९८२ सालीच झाला, महाराष्ट्रात २००५ साली. कायद्याच्या आधी आणि नंतर पोरी सोडणारी गावं दोन्ही राज्यांत होती.

माझं म्हणणं, मुख्य पिन गडहिंग्लज भागातल्या खेड्यावर, पिवळी. तिथून सौंदत्तीपर्यंत रेघ. डोंगर हे त्या पुस्तकात मुक्कामाचं ठिकाण, राहायचं नव्हे.

काकती_क्रॉस

हे बरोबर आहे. आणि ती रेघ ओढलीत की कळेल, ती संकेश्वरवरून आमच्या भागाला लागूनच जाते. गस्तींचं काम याच रेघेवर होतं.

नकाशेवाला

रेघ ओढताना गुगलचा आजचा मोटारीचा रस्ता घेऊ नका, तो हायवेवरून नेऊन सोडतो. पायी आणि बैलगाडीने जाणारे लोक वेगळ्या वाटेने जायचे. सर्व्हे ऑफ इंडियाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे ओपन सीरिज नकाशे २०१७ पासून फुकट उतरवता येतात, त्यात गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. जुन्या क्रमांकांप्रमाणे निपाणी-संकेश्वर ४७ एल या गटात येतं, बेळगाव-खानापूर ४८ आय मध्ये. सोळा अंश अक्षांशावर पानं बदलतात. त्यामुळे आपल्या भागाचं एकसंध पान मिळत नाही, दोन गट जोडावे लागतात. सौंदत्ती आणखी पूर्वेला, ४८ एम मध्ये. त्याहून जुनं पाहिजे तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड आहे, १८८४ सालचा. त्यात घाट, बाजाराचे दिवस, जत्रा, सगळं गावागणिक दिलंय. कादंबरीपेक्षा रंजक आहे असं मी म्हणणार नाही, पण रात्री दोन वाजेपर्यंत वाचलंय.

तिसरं_गेट

एक सगळ्यांच्या हातून निसटलंय. इंदिरा संत.

लंपनच्या लेखकाची आई, आणि आपल्या गावची सगळ्यात मोठी कवयित्री. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', आणि 'गर्भरेशीम'ला १९८४ सालचं साहित्य अकादमी. लहानपण तवंदीत गेलं, निपाणीच्या अलीकडं घाट लागतो ते तवंदी. पुढची सगळी वर्षं बेळगाव. यांची पिन कुठं?

रानफूल_खानापूर

काका, नियम तुम्हीच धरलात ना, लेखकाचं घर नको म्हणून? मग तवंदी पण नको आणि बेळगावचं घर पण नको. कविता कुठं घडते ते सांगा.

तिसरं_गेट

तेच तर विचारतोय. खिडकीत घडते, माजघरात घडते, पावसाच्या संध्याकाळी दारात घडते. नकाशात माजघर कुठल्या रंगाचं असतं?

घटप्रभा_पॅसेंजर

माझ्या मते कवितेला नकाशातून सवलत द्यावी. पण एक कबूल करायला पाहिजे. शहापूरकरीण ताईंनी काल फाइल पाठवली ती उघडून बघितली. आपल्या भागातल्या पिना कुठं पडल्यात? हायवे, घाट, वखार, डोंगर, जत्रा, बाजार. पुरुष माणूस जिथं जातो तिथं. बाई ज्या पुस्तकात घरात आहे ते पुस्तक पिनेला सापडतच नाही. जोगतीण सापडली, कारण तिला घराबाहेर काढलं. वखारीतली बाई सापडली, कारण ती कामाला गेली. बाकीच्या कुठं आहेत?

शहापूरकरीण

पॅसेंजर काका, हे वाचल्यावर पहिल्यापासूनचे सगळे शेरे उघडून बसले. बरोबर आहे तुमचं. पुण्याच्या गर्दीतसुद्धा तेच. बायकांनी लिहिलेली पुस्तकं माझ्या कपाटात भरपूर, नकाशात विरळ. 'घर, गावाचं नाव नाही' म्हणून मी ती बाजूला ठेवत गेले होते.

कवितेला सवलत नको. पाचवा थर करते. त्यात पिन नाही, आकार काढायचा, पुसट. तालुक्याएवढा, शहराएवढा, जेवढं कळतं तेवढा. खाली लिहायचं, घराच्या आत. इंदिराबाईंसाठी तवंदीपासून बेळगावपर्यंतचा पट्टा. नियम मोडतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे, नकाशा माझा आहे.

खडेबाजार

हे मात्र आवडलं.

निपाणी_डेपो

तवंदी घाट आमच्या माळेतनं जातो, म्हणजे मोऱ्यांचा ट्रक आणि इंदिराबाईंचं माजघर एकाच ठिकाणी येतंय. रंग नीट निवडा, नाहीतर काहीच दिसणार नाही.

माळ टाकून झाली. गॅरेज कुठलं, अड्डा कुठला, हे मी खात्रीनं सांगू शकत नव्हतो तिथं पिन न ठेवता रस्त्याचा तुकडा रंगवलाय. काळाच्या ओळी घातल्यात.

कडोलीचा_मोर

उशिरा आलो. आमच्याकडं दर हिवाळ्यात साहित्य संमेलन असतं, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनीलाही असतं, माहीत असेलच. मंडपाच्या दारात पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्याच्या शेजारी हा नकाशा मोठा छापून लावला तर? लोक येतील, बोट ठेवतील, आमचं गाव कुठाय विचारतील. शाळेच्या पोरांना टाचण्या देऊ, वाचलेल्या पुस्तकाची जागा त्यांनी लावायची. फ्लेक्सचा खर्च मंडळाकडून निघेल, मी विचारतो.

नकाशेवाला

छापायचं तर गुगलची पार्श्वभूमी नको, तिच्या छपाईच्या अटी आहेत. ओपन स्ट्रीट मॅपचा विदा वापरा, कोपऱ्यात श्रेय लिहिलं की झालं. अडचण एकच, त्यावर आपल्या गावांची नावं कानडीत किंवा इंग्रजीत उमटतात. प्रत्येक गावाला मराठी नाव जोडायची सोय त्यात आहे, 'नेम' या रकान्याला भाषेचा संकेत लावून. ते कानडी नावाच्या जागी बसत नाही, शेजारी बसतं, त्यामुळे कुणाशी भांडण व्हायचं कारण नाही. खानापूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांची मराठी नावं भरायला तिथलंच कुणीतरी पाहिजे.

रानफूल_खानापूर

खानापूर मी करते. जांबोटी, कणकुंबीकडच्या वस्त्या मला आणि माझ्या मामांना तोंडपाठ आहेत. पण नावं भरून झाल्यावर त्या भागात पिन किती? शून्य. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीपर्यंत जाते, तिकडच्या टोकाला कादंबरी आणि इकडच्या टोकाला काहीच नाही? एवढं रान, एवढा पाऊस, चोर्ला घाट, गोव्याला जाणारे गवळी आणि कोळसेवाले. कुणीतरी लिहिलं असणारच.

कडोलीचा_मोर

लिहिलं असेल तर संमेलनांच्या स्मरणिकांत असेल. आमच्याकडं जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा आहे, वाळवी लागायच्या आत बघतो. त्यात कथा असतात, आणि त्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

शहापूरकरीण

मोर दादा, स्मरणिका मिळाल्या तर प्रत्येक कथेचं पहिलं पान आणि जिथं जागेचं वर्णन असेल ते पान, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. नंतर गठ्ठा पुन्हा सोडायला कुणाला वेळ होत नाही.

सध्याची स्थिती: निपाणीची माळ झाली, सौंदत्तीची रेघ गडहिंग्लजपासून ओढली, लंपनचा आकार काढला (खडेबाजार त्यात आहे, पुन्हा विचारू नये). शिवापूर जांभळं, घोडगेरीपासून जरा बाजूला. कोरं राहिलंय ते अथणी, कागवाड, रायबाग, म्हणजे सगळा कृष्णाकाठ, आणि रानफूल म्हणते तसं खानापूरचं रान.

घटप्रभा_पॅसेंजर

अथणी-रायबागेकडं माझी बहीण दिलीय, येणं-जाणं आहे. तिकडचं मी बघतो. कानडी पुस्तक चालेल ना? मराठीत आलेलं नसलं तरी?

शहापूरकरीण

चालेल. काळाची ओळ विसरू नका.